नाव बदलण्याआधी: वुलनगाँगहून एक पत्र

वुलनगाँग,
१७ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले आणि उत्तराला उशीर झाला, याबद्दल प्रथम क्षमा माग म्हणशील. ती मागितली असे समज. कोल्हापुरातल्या आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या नावातून ‘तालीम’ हा शब्द काढून टाकावा आणि मागे ‘एफसी’ (फुटबॉल क्लब) लावावे, म्हणजे जर्सीवर जाहिरात देणारा पुरस्कर्ता लवकर मिळेल, असे काही पोरांचे म्हणणे आहे आणि त्यावरून बैठकीत बरीच वादावादी झाली, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. ‘तू परदेशात राहतोस, तिकडे हे कसे चालते ते कळव,’ असे तू लिहिलेस. तिकडे म्हणजे सर्व जगात कसे चालते हे मी कसे सांगणार? परंतु ज्या गावात मी नऊ वर्षे राहतो, जिथे दर शनिवारी सकाळी मुलीला घेऊन मैदानावर जातो, तिथल्या क्लबांची हकीकत सांगतो. ती ऐकून तुम्ही काय ते ठरवा.

वुलनगाँग ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या दक्षिणेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आपल्या सह्याद्रीच्या कड्याची आठवण व्हावी असा सरळ उभा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकामागे एक गावे: थिरुल, बुलाय, वूनोना, कॉरिमल, बालगाउनी. या डोंगराच्या पोटात कोळसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे खाणी सुरू झाल्या आणि प्रत्येक खाणीच्या तोंडाशी एक वस्ती वसली. खाणकामगार स्कॉटलंडमधून आणि इंग्लंडच्या उत्तरेकडून आलेले. त्यांनी आपला चेंडूही सोबत आणला. बालगाउनी रेंजर्स हा क्लब १८८३ मध्ये स्थापन झाला आणि आजही खेळत असलेला ऑस्ट्रेलियातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो. गाव केवढे? आपल्या एखाद्या पेठेएवढे. परंतु जूडी या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला जेम्स मास्टर्स इथलाच, १९२०च्या दशकात तो ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कर्णधार झाला आणि गावचे मैदान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

त्या काळच्या माणसांसाठी क्लब म्हणजे काय असेल, याचा विचार करताना मला खाणींतल्या दुर्घटना आठवतात. १८८७ मध्ये बुलायच्या खाणीत स्फोट होऊन ८१ माणसे गेली, १९०२ मध्ये माउंट केंब्लाला ९६. अशा वस्तीत आठवडाभर जमिनीखाली एकमेकांच्या भरवशावर जगणारी माणसे शनिवारी उजेडात एकत्र खेळत, आणि शेजारच्या खाणीच्या वस्तीशी त्यांची ईर्षा असे. ईर्षा हा शब्द आपण कोल्हापुरात ज्या चुरशीच्या अर्थाने वापरतो, अगदी त्याच अर्थाने मी इथे वापरतो आहे, आणि तो इथल्या मित्रांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. १९४७ मध्ये सरकारने या सगळ्या गावांच्या नगरपालिका एकत्र करून एकच मोठे शहर केले. कागदावर गावे संपली, पण क्लबांनी ते मनावर घेतले नाही. आजही बालगाउनीचा माणूस कॉरिमलच्या संघाकडून खेळायला गेला तर त्याच्या घरी जेवताना थोडी शांतता पसरते.

यानंतरची गोष्ट पोलादाची. १९२८ मध्ये पोर्ट केंब्लाला पहिली झोतभट्टी पेटली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना एवढा वाढला की माणसे पुरेनात. मग युरोपातून जहाजे भरभरून माणसे आली: इटालियन, ग्रीक, मॅसिडोनियन, सर्ब, क्रोएट, स्पॅनिश. त्यांना प्रथम सरकारी वसतिगृहांत, अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत ठेवले जाई. फेअरी मेडोला त्यांपैकी काही झोपड्या विद्यापीठाच्या आवारात अजून जपून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात त्या आत किती तापत असतील याची कल्पना बाहेरून हात लावला तरी येते. या माणसांना इंग्रजी येत नव्हते, पाळ्या तीन होत्या, घर दूर होते. त्यांनी आपापल्या भाषेचे क्लब काढले. भट्ट्यांच्या धुराड्यांसमोरच्या टेकडीवर क्रिंगिला लायन्स, बर्कलीला वुलनगाँग युनायटेड हे मॅसिडोनियन लोकांचे; वुलनगाँग ऑलिंपिक ग्रीकांचा; अल्बियन पार्क व्हाइट ईगल्स सर्बांचा. युनायटेडच्या मैदानाचे नावच मॅसिडोनिया पार्क आहे. क्लब म्हणजे नुसता संघ नव्हता. नोकरी कुठे आहे, भाड्याची खोली कुठे मिळेल, मुलगी कुणाच्या घरात द्यावी, हे सारे तिथे ठरत असे. पोरांना कुस्ती शिकवणारी, गणपती आणि मोहरमचे पंजे दोन्ही बसवणारी आपली तालीम आणि हे क्लब यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

गंमत अशी, की रग्बी लीग हाच ऑस्ट्रेलियन मर्दाचा खरा खेळ आणि फुटबॉल हा बाहेरून आलेल्यांचा, असे इथे बराच काळ हिणवून म्हटले जाई. सिडनीत रग्बी लीगची सुरुवात १९०८ची. म्हणजे बालगाउनीची पोरे तिच्या पंचवीस वर्षे आधीपासून हा ‘बाहेरचा’ खेळ खेळत होती!

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. क्लबांची नावे बदलण्याचा आग्रह इथेही झाला, आणि तो पुरस्कर्त्यांनी नव्हे तर खेळाच्या वरिष्ठ संस्थेने धरला. १९७७ मध्ये देशपातळीवरची लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यातले कित्येक क्लब उघडपणे एखाद्या स्थलांतरित समाजाचे होते. प्रेक्षक वाढत नाहीत, मारामाऱ्या होतात, त्याला ही नावेच कारण, असा निष्कर्ष काढून १९९०च्या दशकात मोठ्या क्लबांना ती सोडायला लावली. सिडनी क्रोएशियाचा सिडनी युनायटेड झाला, प्रेस्टन माकेडोनियाचा प्रेस्टन लायन्स. २०१४ मध्ये तर तसा लेखी नियमच आला, की कोणत्याही नव्या नावात किंवा चिन्हात वांशिक, राष्ट्रीय अथवा धार्मिक खूण नसावी. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, तो नियम त्याच संस्थेला मागे घ्यावा लागला. दंगा होत नसे असे मी म्हणणार नाही. ग्रीक आणि मॅसिडोनियन क्लबांच्या सामन्यांत युरोपातले सगळे भांडण मैदानावर उतरत असे, आणि ज्यांनी ते पाहिले ते अजून त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. पण नाव पुसल्याने भांडण पुसले गेले नाही. एवढेच झाले, की ज्या म्हाताऱ्यांनी पाळी संपवून आल्यावर फावड्याने ते मैदान सपाट केले होते, त्यांना आपण इथे नकोसे आहोत असे वाटू लागले.

असाच एक म्हातारा मला पहिल्या वर्षी भेटला. मुलीच्या संघाचा सामना दुसऱ्यांच्या मैदानावर होता, पाऊस भुरभुरत होता आणि तो कँटीनच्या छपराखाली निखाऱ्यावर मांसाच्या लांबट वळकट्या भाजत होता. मी कुठला, असे त्याने विचारले. भारत म्हणताच त्याने चिमटा हवेतच धरला आणि म्हणाला, ‘मेलबर्न, छप्पन्न.’ मला क्षणभर कळेना. मग उलगडा झाला: १९५६च्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले होते आणि त्यांतले तीन गोल आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते, ज्याचे मूळ गोव्यातले. तोपर्यंत मला इथे कुणी क्रिकेटखेरीज काही विचारले नव्हते. त्याने पैसे घेतले नाहीत.

या गावाने सगळे मिळून एक संघ करण्याचाही प्रयत्न केला, आणि त्याची कथा तर तू ऐकलीच पाहिजेस. १९८० मध्ये शहराच्या नावाने क्लब निघाला, पुढच्या वर्षी तो राष्ट्रीय लीगमध्ये गेला, आणि लगेच १९८२ची मंदी आली. कारखान्यातून आणि खाणींतून हजारो माणसे घरी बसली. तरी हा क्लब, म्हणजे आजचा वुलनगाँग वुल्व्ह्ज, कसाबसा तग धरून राहिला. जून २००० मध्ये पर्थला अंतिम सामना झाला. समोर पर्थ ग्लोरी, मैदानात ४३,२४२ प्रेक्षक, जवळजवळ सगळे विरोधात, आणि मध्यंतराला पर्थ ३–० ने पुढे. उत्तरार्धात चिपरफील्डने एक फेडला, हॉर्सलीने दुसरा, आणि सामना संपायला मिनिटभर उरले असताना पॉल रीडने तिसरा. पेनल्टींवर वुल्व्ह्ज ७–६ ने जिंकले. हा स्कॉट चिपरफील्ड शाळेची बस चालवत असे! दुसऱ्या वर्षी पुन्हा विजेतेपद, त्याच वर्षी ओशनियाचे, म्हणजे पॅसिफिक विभागाचे, विजेतेपद, आणि त्यामुळे स्पेनमध्ये होणाऱ्या क्लबांच्या विश्वस्पर्धेत प्रवेश. गटात अर्जेंटिनाचा बोका ज्युनियर्स आणि स्पेनचा डेपोर्टिव्हो ला कोरुन्या होते. विचार कर, खाणीच्या गावचा संघ आणि समोर बोका. फिफाची विपणन कंपनी बुडाली आणि स्पर्धाच रद्द झाली. इथे तो विषय काढला की लोक हसतात, पण ते हसणे मला कधी खरे वाटलेले नाही.

चिपरफील्ड नंतर स्वित्झर्लंडच्या बासेल क्लबला गेला आणि तिथे सात वेळा स्विस विजेता झाला. २००६च्या विश्वचषकात इटलीविरुद्ध, ज्या सामन्यात त्यांच्या तोत्तीने भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर गोल केला, ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या अकरांत या भागातले तिघे होते: चिपरफील्ड, ल्यूक विल्कशर आणि मॅसिडोनियन घरातला मिले स्टेर्योव्स्की. पण तोपर्यंत जुनी लीग बंद पडून २००५ मध्ये नवी ए-लीग सुरू झाली होती आणि तिच्यात वुलनगाँगला जागा नव्हती. दोनदा देश जिंकलेला संघ राज्याच्या लीगमध्ये जाऊन बसला. राष्ट्रीय पातळीच्या दुसऱ्या फळीची स्पर्धा २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे तिच्या आठ संस्थापक क्लबांत त्याचे नाव आले. त्याच यादीत प्रेस्टन लायन्स आणि सिडनी युनायटेडही आहेत, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

लहान क्लबांचे मात्र या सगळ्यांत काही बिघडले नाही. बर्ट बॅम्प्टन या इथल्या स्थानिक चषकासाठी ते दरवर्षी एकमेकांची तंगडी ओढतातच. वाढ झाली ती मुलींची. शेलहार्बरला जन्मलेली केटलिन फोर्ड याच भागातल्या क्लबांतून वर आली आणि २०११ मध्ये सोळाव्या वर्षी विश्वचषक खेळली. २०२३ मध्ये महिलांचा विश्वचषक इथे झाल्यानंतर तर आमच्या क्लबकडे मुलींना घालायला पुरेसे संघ आणि बूट बदलायला पुरेशा खोल्या नाहीत. काम पालकांनी वाटून घ्यायचे असते. मला एकदा रेषेवर झेंडा धरून उभे केले आणि मी आमच्याच संघाचा गोल ऑफसाइड ठरवला. निर्णय बरोबर होता. मुलगी घरी येईपर्यंत बोलली नाही.

माझे मत विचारशील, तर पुरस्कर्त्याचे नाव छातीवर घ्या, पाठीवर घ्या, हवे तर चड्डीवरही घ्या, पण ‘तालीम’ काढू नका. शाहू स्टेडियमवर तो शब्द ओरडताना आपला घसा बसत असे. ‘एफसी’ ओरडून बघ एकदा. बैठकीत माझे हे म्हणणे वाचून दाखवायला हरकत नाही, मात्र चड्डीचे वाक्य वगळ. आणि गेल्या हंगामाची एक जर्सी, मोठ्या मापाची, पाठवून दे. इथल्या कँटीनच्या भिंतीवर निरनिराळ्या क्लबांच्या जर्स्या टांगलेल्या आहेत आणि त्यांत एक जागा मी बोलून ठेवली आहे.

काकूंना नमस्कार सांग. उद्या सकाळी सात वाजता गोलांना जाळ्या बांधण्याची पाळी माझी आहे आणि बाहेर पाऊस लागला आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
जुना उजवा बॅक