जुन्या स्काऊट चाकूंचं वय ओळखायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते बाकीच्या जमवणाऱ्यांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकन बॉय स्काऊटचा जुना चाकू हातात आला की सगळ्यांची नजर आधी मुठीवरच्या शील्डवर, म्हणजे चिन्ह असलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर जाते, ते चिन्ह दिसतंच इतकं छान. तुम्ही पहिल्याच फोनवर सांगितलंत की शील्ड शेवटी बघायचं, आधी मोठं पातं उघड आणि त्याच्या बुडाशी टँगवर, म्हणजे मुठीजवळच्या बिनधारेच्या भागावर, काय ठोकलंय ते वाच. गंजामुळे अक्षरं दिसत नव्हती तर म्हणालात पॉलिश पेपरला हात लावू नकोस, तेलाचा एक थेंब टाक, रात्रभर राहू दे, मग मऊ कपड्याने पूस आणि टॉर्च बाजूने धर. तसं केल्यावर ती अर्धी अक्षरं एकेक करत वर आली ना काका, तेव्हा काय आनंद झाला सांगू!

कंपन्यांचा इतिहास तर तुम्हाला तोंडपाठ. बीएसए म्हणजे बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका सुरू झाली १९१० मध्ये, आणि पहिला ऑफिशियल चाकू १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डनच्या न्यूयॉर्क नाईफ कंपनीचा. ती कंपनी १९३१ ला बंद पडली, म्हणजे टँगवर त्यांचं नाव आणि वॉल्डन असेल तर काळाची दोन्ही टोकं आपोआप मिळाली. पण नुसतं त्यांचं 'हॅमर ब्रँड' हे नाव वाचून खूश व्हायचं नाही, कारण ते नाव नंतर इम्पिरियल या दुसऱ्या चाकू कंपनीने घेतलं आणि स्वस्तातल्या चाकूंवर वापरलं, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कुठून कळणार होतं? रेमिंग्टन या बंदुकांच्या कंपनीचंही तसंच, पहिल्या महायुद्धानंतर चाकूंच्या धंद्यात आले आणि १९४० ला तो धंदा पॅल नावाच्या कंपनीला विकून मोकळे झाले, म्हणून त्यांचा आरएस३३३३ हा स्काऊट चाकू बघताना मधल्या वीस वर्षांतच शोधायचं.

आणि तुमचं ते वाक्य, जे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, "चाकू त्याच्या सगळ्यात नव्या पार्टपेक्षा जुना नसतो." मी घ्यायला बघत होते त्या अल्स्टर कंपनीच्या स्काऊट चाकूच्या बाबतीत हेच कामी आलं. विकणारा १९३० च्या आसपासचा आहे म्हणून हटून बसलेला, किंमतही तशीच सांगत होता, आणि तुम्ही फोटो बघून एवढंच विचारलंत की मुठीला भिंगातून बारीक छिद्रं दिसतायत का. नव्हती दिसत. हाडाची मूठ असली की ते बारीक तपकिरी ठिपके कुठे ना कुठे दिसतातच आणि कोरलेल्या खाचा थोड्या कमीजास्त असतात, ही मात्र एकदम गुळगुळीत आणि दुसऱ्या एका अल्स्टरच्या मुठीशी खाच न खाच जुळणारी, म्हणजे साच्यातून काढलेलं डेलरिन नावाचं प्लास्टिक. ते ड्यूपाँटने बाजारातच १९६० च्या सुमारास आणलं! मूठ मागाहून बदललेली असू शकते म्हणून तुम्ही पिनांभोवतीही बघायला लावलंत, पण तिथे उचकटल्याची काही खूण नव्हती, आणि टँगवरही नुसतं अल्स्टर यूएसए, जुन्या काळासारखं कंपनीचं पूर्ण नाव नाही. सगळं एकाच दिशेला जात होतं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही त्या चाकूला कमी लेखलं नाहीत. पातं घासून घासून अरुंद झालेलं नाही, डबा उघडायचं पातं, बाटलीचं झाकण काढायचं आणि स्क्रू ड्रायव्हरचं काम करणारं पातं, भोक पाडायची आर, सगळे कडक आवाज करत बंद होतात, वर अडकवायची कडी मूळची, मग साठनंतरचा म्हणून घे आणि त्याच्या योग्य किमतीला घे, म्हणालात. मी घेतला. पात्यावरचा करडा पॅटिना, म्हणजे वयाने चढलेला थर, तसाच ठेवलाय, फक्त लाल गंज काढला.

हे सगळं तुम्ही कुठलीही घाई न करता, एकेका फोटोवर अर्धा अर्धा तास बोलून शिकवलंत, ते पण चाकू तुमचा नसताना. काका, खरंच खूप खूप आभार.

आता एक गर्ल स्काऊटचा कटमास्टर ब्रँडचा चाकू बघून ठेवलाय, युटिका कंपनीचा, शील्डवर ट्रेफॉइल म्हणजे गर्ल स्काऊटचं तीन पाकळ्यांचं चिन्ह आहे. टँगचे फोटो उद्या पाठवते, शील्डचे सगळ्यात शेवटी.

तुमची पुतणीच समजा