बाबा, पिवळ्या बसपाशी थांबायचंच

ति. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, हे ऐकून बरं वाटलं. तुम्ही सप्टेंबरात याल तेव्हा इथे न्यू जर्सीत शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतील. बाबा, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय तुम्हाला लगेच होईल. मला काळजी आहे ती शाळेच्या बसची.

सांगलीत शाळेची बस थांबली की मागचे हॉर्न देतात आणि बाजूने गाडी काढतात. इथे नेमकं तेच करायचं नाही. बसचे पिवळे दिवे लुकलुकायला लागले, की ती थांबणार हे ओळखून वेग कमी करायचा, घाईने पुढे काढायची नाही. मग दिवे लाल होतात, डाव्या अंगाला ‘स्टॉप’ लिहिलेली आठकोनी पाटी बाहेर येते, दार उघडतं. त्या वेळी मागचे थांबतात आणि समोरून येणारेही, निदान २५ फूट लांब. मध्ये खराखुरा दुभाजक असेल तरच समोरच्यांना जाता येतं, तेही ताशी १० मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबाने १६ किलोमीटर. नुसता रंगवलेला पट्टा म्हणजे दुभाजक नव्हे. दंड १०० डॉलरपासून पुढे आहे, पण दंडाचं सोडा.

बसचं दार उजवीकडे असतं. ज्यांचं घर रस्त्यापलीकडे, ती पोरं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात. पहिलीतलं मूल बसला अगदी लागून चाललं तर ड्रायव्हरला दिसतच नाही. म्हणून आमच्या इथल्या बसच्या बंपरवरून एक लांब दांडा उघडतो आणि मुलांना लांबून वळसा घ्यावा लागतो. ड्रायव्हरला ती दिसतात, पण मागून बस ओलांडणाऱ्याला बसच्या आडोशामुळे शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. तुमच्या नातीला शिकवलंय, की हातातला कागद पडला तरी वाकायचं नाही, आधी ड्रायव्हरकाकूंना सांगायचं. पण स्वतः काढलेलं चित्र रस्त्यात पडलं तर सहा वर्षांची पोर वाकणारच हो! म्हणून मोठ्यांनी थांबायचं.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, तो पिवळा रंगही विचार करून ठरलाय. १९३९ मध्ये फ्रँक सायर या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात परिषद भरवली, तिथे तो नक्की झाला. अंधूक उजेडातही पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन वाचता येतात.

आई, दुपारी तिला आणायला तू जाशील. आपलं घर बसथांब्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. तिकडून हाक मारू नकोस, आजी दिसली की ती धावतच सुटेल. आधीच रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभी राहा, कडेपासून जरा मागे. ती उतरली की हात धर, ड्रायव्हरने खूण केली की मगच दोघी निघा.

आणखी एक. रेल्वे फाटक उघडं असलं तरी शाळेची बस रुळांआधी थांबते. मागून हॉर्न देऊ नका.

सुरुवातीला मी शेजारी बसेनच. निघण्याआधी बाबांच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या आणि काय झालं ते फोनवर कळवा.

तुमची,
लेक