नाना, चाकावर पाणी ओतू दिलं नाहीत, तिथपासूनचे आभार

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणून लगेच पिकपाण्याचं विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा नातू वाचून दाखवेल. जळगाव-धुळ्याकडे जुनी गाडी जिवापाड सांभाळणारे आणखीही लोक आहेत. तुम्ही काय केलंत आणि कसं केलंत, ते त्यांनाही कळायला हवं.

तो दिवस मार्गशीर्षातला. मी आणि माझी लेक संभाजीनगरहून पाचोऱ्याला परतत होतो. कन्नड सोडलं, घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या वळणानंतर जळका वास येऊ लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग ब्रेकचं पॅडल मऊ लागलं आणि त्यापुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला गेलं. पॅडल भराभर पंप करत, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत मी ती कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. पुढच्या उजव्या चाकातून धूर येत होता. लेकीच्या हाताला कंप सुटला होता, माझ्याही. मी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावले, तेवढ्यात मागून मोटरसायकलवर तुम्ही आलात. तुमचं पहिलं वाक्य अजून कानात आहे: "ताई, पानी टाकू नका! तपेल लोखंड शे, तडकी जाई."

मग तुम्ही चाकांना दगड लावलेत, बॉनेट उघडलंत आणि आम्हा दोघींना कठड्यावर बसवून चहा पाजलात, थर्मासमधला. पाऊण तास कशालाही हात लावू दिला नाहीत. गाडी निवली तसं पॅडल पुन्हा कडक झालं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की ब्रेक ऑइल उकळलं होतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. घाट उतरेपर्यंत तुम्ही पुढे आणि मी पहिल्या गिअरमध्ये तुमच्या मागे. चाळीसगावच्या अलीकडच्या तुमच्या शेडमध्ये, दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये, माझी गाडी उभी राहिली ती पुढचा सव्वा महिना.

गाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोष तिच्या कंपनीचा नव्हता. दोन दारांची, दोन सीटांची, २००० सालची गाडी. मी ती २०१७ मध्ये पुण्याहून आणली. २०२० आणि २०२१ चे दोन्ही पावसाळे ती कापसाच्या शेडमध्ये न हलता उभी होती. ब्रेकचं दुखणं तिथेच सुरू झालं हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. त्याआधी दोन गॅरेज झाली होती. एका ठिकाणी पॅड बदलले, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, डिस्कला, दोन्हीकडून दाबणारे ठोकळे. दुसऱ्या ठिकाणी ते पॅड पिस्टनने दाबणारे कॅलिपर खोलून साफ केले आणि कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या पिनांना ग्रीस लावलं. दोन्ही वेळा महिनाभर बरं वाटलं. माझी तक्रार ऐकून लोक गोंधळायचे, कारण ती होतीच विचित्र: गाडी एरवी उजवीकडे ओढायची आणि जोरात चार-पाच ब्रेक मारले की डावीकडे. गॅरेजला पोचेपर्यंत डावीकडचं सगळं ठीक. "तुम्हाला भास होतो," असंही एकाने सांगितलं होतं.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही मला बसवून विचारलंत: कधी ओढते, किती वेळाने सुटते, थंड असताना की तापल्यावर, आधी ब्रेक मारला होता का. माझं औषधांचं दुकान आहे, नाना. रोग्याला इतके प्रश्न विचारणारे डॉक्टरसुद्धा मी कमी पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑइल बदलून, वस्तीबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवून आणलीत, चौदा किलोमीटर, जवळजवळ ब्रेक न लावता. मोटारीच्या बेअरिंगसाठी घेतलेली तुमची ती तापमानाची गन चारही डिस्कवर धरलीत. पुढची उजवी १९२ अंश, पुढची डावी ६४. मला वाटलं, झालं, उजवं कॅलिपर बदला. तुम्ही मात्र पुन्हा गाडी काढलीत, साठच्या वेगावरून पाच वेळा जोरात ब्रेक मारलात, थोडी पळवलीत आणि शेडमध्ये येताक्षणी पुढची बाजू जॅकवर घेतलीत. आता डावं चाक हाताने फिरेना. गन २०५ दाखवत होती. पंधरा मिनिटांनी तेच चाक आपोआप सुटलं. माझा भास नव्हता हे तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी सिद्ध केलं, आणि खरं सांगते, तिथेच माझे डोळे भरले.

मग आली ती परीक्षा, जी मी आता भेटेल त्याला सांगते. चाक धरलेलं असताना कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल किंचित सैल करायचं. डाव्या चाकाला तुम्ही ते केलंत तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे पाय काढल्यावरही ऑइलचा दाब आत कोंडून राहत होता. उजव्या चाकाला नुसते थेंब आले आणि चाक होतं तितकंच घट्ट. तिथे दाब नव्हताच. पिस्टनच जागेवर अडकला होता. एकच लक्षण, दोन चाकं, दोन वेगळे रोग. "रोग कोनले, दवाई कोनले," असं तुम्ही पुटपुटलात, आणि आधीच्या दोन गॅरेजांबद्दल त्याहून एकही शब्द जास्त बोलला नाहीत.

डावीकडचा दाब कोण कोंडतं तेही तुम्ही अंदाजाने ठरवलं नाहीत. त्या गाडीत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ऑइलच्या एकाच लाइनवर आहे. दोष मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल रेटणाऱ्या पंपाचा असता तर मागचं उजवंही धरलं असतं. ते मोकळं होतं. तरीही पुन्हा ब्रेक मारून, चाक धरल्यावर, लोखंडी पाइप चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीला, होजला, जिथे मिळतो तिथला जोड सैल केलात. चाक सुटलं नाही. म्हणजे अडथळा त्या जोडाच्या खाली, होजमध्येच. होज बाहेरून नवी दिसत होती. तुम्ही ती हॅक्सॉने लांबीत चिरून माझ्या हातात दिलीत. आतलं रबर फुगून सुईच्या नेढ्याएवढी वाट उरली होती. पायाचा जोर ऑइलला त्यातून आत रेटायचा, पण परत यायला जोर कुठला? ते पाझरत पाझरत यायचं. तेवीस वर्षं जुनं रबर, दुसरं काय होणार! तो चिरलेला तुकडा मी दुकानाच्या काउंटरवर ठेवला आहे. लोक विचारतात, मी सांगते.

उजव्या कॅलिपरचा पिस्टन काढायला तुम्हाला अर्धा दिवस लागला. त्याच्यावरचं धूळ अडवणारं रबर फाटलं होतं, पावसाळ्यात दमट हवा आत गेली होती आणि क्रोमवर गंजाचे खड्डे पडले होते. पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी रिंग नुसतं ऑइल अडवत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित मुरडते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. मागे आणणारी स्प्रिंग तिथे नसतेच. रिंगच्या खाचेत गंज साठला की रिंग आवळते आणि ते केसभर मागे येणं संपतं. स्लाइड पिनांचं वेगळंच. साधं ग्रीस लागल्याने त्यांची रबरं फुगली होती. तिथे सिलिकॉनचंच ग्रीस लागतं. हे मी आता कधी विसरणार नाही.

मग आपलं भांडण झालं. भांडणच म्हणते, कारण मी हट्टाला पेटले होते. घाटातली भीती उतरली नव्हती आणि मला चार पिस्टनचे मोठे लाल कॅलिपर हवे होते. पैसे साठवलेले होते. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. खडू घेतलात आणि शेडच्या फरशीवर हिशेब मांडलात. माझ्या कॅलिपरचा एक पिस्टन ५४ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २२.९ चौरस सेंटिमीटर. त्या लाल कॅलिपरचे चार पिस्टन ४० मिलिमीटरचे, पण जोर मोजताना एकाच बाजूचे दोन धरायचे, कारण समोरचे दोन फक्त उलट बाजूने तेवढंच दाबतात. आपल्याकडे तेच काम सरकणारं कॅलिपर करतं. दोन पिस्टनचे झाले सुमारे २५.१. चौपट वाटणारा फरक जेमतेम दहा टक्के निघाला. शिवाय ते माझ्या १५ इंची रिममध्ये बसले नसते, म्हणजे चाकंही नवी.

त्याऐवजी तुम्ही याच गाडीच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीची डिस्क सुचवलीत: २५६ ऐवजी २८० मिलिमीटर, सोबत तिचं ब्रॅकेट. डिस्क मोठी झाली की पॅड मध्यापासून लांब दाबतो आणि साधारण तेवढाच फायदा तिथे मिळतो. त्या आवृत्तीला मास्टर सिलिंडर आणि मागचे ब्रेक माझ्याच गाडीचे आहेत, तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बनवणाऱ्यांनीच करून ठेवलेलं. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गोल फिरते. म्हणून एका टोकाला हवं ते लावून चालत नाही, हे तुम्ही लेकीच्या खेळण्यातली गाडी फरशीवर ढकलून दाखवलंत. माझे जुने कॅलिपर ठेवायचे, त्यात स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि नव्या रबरी रिंगांचं सील किट घालायचं. स्टेनलेस गंजत नाही आणि उष्णताही ऑइलपर्यंत कमी पोचवतं. चारही होज स्टीलच्या जाळीच्या. ठरवलेल्या खर्चाच्या निम्म्यातच काम झालं. मोठं काम सांगून तुम्ही जास्त कमावू शकला असतात, नाना. मी हरकत घेतली नसती.

पिस्टन लेथवर बनवून घेऊ का, असंही मी विचारलं होतं. तुम्ही फक्त नकारार्थी मान हलवलीत आणि केसाहून बारीक फरक मोजणारं मायक्रोमीटर दाखवलंत. सामान यायला तीन आठवडे लागले. तोवर शेडमध्ये कापसाच्या गाड्यांची गर्दी होती, तरी माझ्या गाडीवर रोज गोधडी पांघरलेली असायची.

ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायच्या दिवशी तुम्ही लेकीला पॅडलवर बसवलंत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी; आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. "दाब. धर. धरी ठेव. आते सोड." ती बारा वर्षांची पोर दीड तास न कंटाळता दाबत होती, कारण निपल बंद होण्याआधी पाय सोडला तर हवा परत आत जाते हे तुम्ही तिला मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं होतंत. मागच्या चाकांच्या नळ्यांमधून अजून जुनंच ऑइल आलं, उकळलेल्या चहासारखं काळपट. तुम्ही नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलंत आणि डब्यावरचे आकडे लेकीकडून वाचून घेतलेत: कोरडं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी ओढून घेतलं की १५५ वर येतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी उभी असली तरी. घाटात आम्ही कशाच्या भरवशावर उतरत होतो ते तिला तेव्हा कळलं. ती बराच वेळ गप्प होती.

नवे पॅड डिस्कवर बसवायला पहाटे धुळे रस्त्यावर गेलो. साठवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा. मग गाडी निवेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून उभं राहायचं नाही. परत येऊन गन लावली. पुढची डावी ८८, पुढची उजवी ९१. तुम्ही काही बोलला नाहीत. गन लेकीच्या हातात दिलीत आणि शेवभाजी सांगायला निघून गेलात.

मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, आम्ही दोघी त्याच घाटाने उतरलो. त्या जागी गाडी लावली, उतरून चारही चाकांजवळ हात नेला. ऊब होती, वास नव्हता. तुम्हाला तिथूनच फोन केला होता. ट्रॅक्टरच्या आवाजात तुम्हाला नीट ऐकू आलं नसावं. मी एवढंच सांगत होते की नाना, माझी पोर शेजारच्या सीटवर झोपली आहे.

घाटात तुम्ही थांबलात त्याबद्दल, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलात त्याबद्दल, मला फरशीवरचा हिशेब समजेल असं गृहीत धरलंत त्याबद्दल, आणि पोरीच्या हाती काम दिलंत त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे.

काकूंना नमस्कार सांगा. ऑइल बदलायची तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली आहे. तेव्हा येताना यावलची केळी आणते. आणि या वेळी लेक म्हणते, पॅडल आईने दाबायचं, निपल ती उघडणार.

तुमची,
पाचोऱ्याची ताई