पान पाहिले, पण उलटून पाहिले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनोळखी झाड सरपणाला चालेल का, हे पानावरून आणि सालीवरून कसे ओळखावे, याबद्दलचा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. ऐन, धावडा, किंजळ सगळे त्यात होते. बिब्बा तेवढा नव्हता. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होतो, पण न्हाणीतला हंडा अजून लाकडावरच तापतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर परतीच्या पावसात बांधावरचे एक झाड आडवे झाले. सुट्टीला आलेल्या पुतण्याने पानाचा फोटो काढला, फोनने सांगितले, कुंभ्याचे झाड. मी ओटीवरूनच मान डोलावली. मोठे पान, टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळते, फांदीच्या शेंड्याला झुबका. कुंभाच की! चाळीस वर्षे या गावात नांदते आहे, मला कोण शिकवणार? पोराने दुपारभर उघड्या अंगाने कोयता चालवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर फोड, संध्याकाळी डोळे सुजून मिटलेले. शेजारचे आबा बांधावर जाऊन आले नि म्हणाले, "वैनी, बिबा हाय त्यो. हात नका लावू."

आम्ही खोबरेल चोळत एक दिवस घालवला. डॉक्टर म्हणाले, बिब्ब्याचा चीक लागल्याबरोबर साबण लावून भरपूर पाण्याने धुवायला हवे होते. पोरगा बरा व्हायला तीन आठवडे गेले.

आता फरक सांगते, तो मला तेव्हाच आठवायला हवा होता. कुंभ्याच्या पानाची कड बारीक दातेरी असते आणि देठ जवळजवळ नसतोच. बिब्ब्याच्या पानाची कड सरळ, देठ आखूड पण स्पष्ट, आणि पान उलटले की खालची बाजू राखट दिसते. आम्ही पान उलटलेच नाही. फोटोही वरच्याच बाजूचा. बिब्ब्याला फळ असते तर प्रश्नच नव्हता, नारिंगी बोंडावर बसलेली काळी बी कोण विसरेल? पण हे झाड कोवळे होते. माघ-फाल्गुनात तर दोघांचीही पाने गळतात आणि खाली पडलेले पान शेजारच्या झाडाचेही असू शकते. तेव्हा सालच बघावी लागते.

साल नुसती बघूनही भागत नाही. कोयत्याच्या टोकाने, हात न लावता, थोडी खरवडायची आणि जरा थांबायचे. कुंभ्याची साल आतून तांबूस, तिचे धागे निघतात. बिब्ब्यातून चिकट रस येतो आणि हवा लागून काळा पडतो. आंबा, काजू याच कुळातले. परीट कपड्यांवर खुणा करायचे ती शाई बिब्ब्याचीच, ती धुऊन जात नाही, यातच काय ते आले. जुने लाकूडतोडे या झाडाला कुऱ्हाड लावायला नाखूश असत. वाळले म्हणून ते चुलीत घालू नये. बिब्बे भाजताना नुसता धूर लागूनही काहींना बिब्बा उततो, म्हणजे अंगावर फोड, सूज येते.

खाडीकाठच्या वाचकांनी तिथले गेव्याचे झाडही ध्यानात ठेवावे. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतते.

बाकी ऐन ओळखायला सोपा. सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची काळपट साल, पानामागे देठाजवळ एक-दोन गाठी. सालीच्या राखेत चुना इतका, की ती विड्याच्या पानाला लावून खात. धावडा गुळगुळीत, पांढुरका, जळायला एक नंबर. सावर आणि पांगारा भुसभुशीत, भर्रकन जळून जातात. उभ्या झाडाची गोष्ट मात्र वेगळी. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ आहेत, झाड आपल्या जागेतले असले तरी परवानगी लागते. हेही आपल्या मजकुरात यायला हवे होते.

पुढच्या वेळी पानाचे चित्र छापाल तेव्हा खालच्या बाजूचेही छापा, आणि शेजारी खरवडलेल्या सालीचे. आमचा तो ढीग अजून बांधावरच आहे. आबा म्हणतात, कुजू दे तिथेच.

आपली,
एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी