अंकज्योतिषाला अर्धं पान, कापरेकर मास्तरांना एक ओळही नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मूलांक-भाग्यांकाला अर्धं पान असतं आणि त्याच्या पोटात एक छोटं सुडोकू. बाकी वर्षभर गणित तुमच्या पेपरात दोनदाच येतं. एकदा दहावीच्या परीक्षेत, 'गणिताने रडवलं' म्हणून, आणि एकदा २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिवस म्हणून, तेव्हा रामानुजन आणि त्या १७२९ नंबरच्या टॅक्सीची गोष्ट परत छापायची. गोष्ट भारीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर महिनाभराच्या आतच १७ जानेवारी येतो आणि सरळ निघून जातो, दरवर्षी. त्या दिवशी गणितज्ञ द. रा. कापरेकर यांची जयंती असते. आपल्या देवळालीचे कापरेकर मास्तर. पेपर नाशिकमध्ये वाचला जातो, निदान नाशिकच्या पानावर तरी दोन ओळी याव्यात की नाही?

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ ला रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी. एम. ए. नाही, पीएच. डी. नाही, कुठल्या युनिव्हर्सिटीत खुर्ची नाही. शाळा सुटली की आकडे घेऊन बसायचं, बस्स. आणि त्यातून निघालं काय, तर कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. मी ३५२४ घेतो. आकडे मोठ्यापासून लहान लावले तर ५४३२, उलटे लावले तर २३४५, वजाबाकी करा, ३०८७. आता ह्याचंच परत, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत एकदा, ८५३२ वजा २३५८, झाले ६१७४. आता ६१७४ चं करून बघा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! गाडी तिथेच थांबते. तुम्ही तुमच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्या नाहीतर जन्मसाल घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत सगळे ६१७४ वर येऊन बसतात. मास्तरांना हे १९४९ च्या सुमारास सापडलं आणि आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन आकड्यांना असंच ४९५ आहे. दोन आकड्यांना मात्र असा मुक्काम नाही, तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं. आणि मधली सगळी उत्तरं बघा, प्रत्येकाला ९ ने भाग जातो. का जातो, हे पाचवी-सहावीतलं पोरगं सुद्धा डोकं लावून शोधू शकतं, आणि त्याने स्वतः शोधलं की ते त्याच्या डोक्यातून जन्मात जाणार नाही.

मास्तरांचा एवढा एकच आकडा नाही हो. मुंबईजवळच्या रेल्वे स्टेशनवर एक कल्पना सुचली तर त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच नाव देऊन टाकलं, डेम्लो संख्या. १, १२१, १२३२१ ह्या त्यातल्याच, म्हणजे १, ११ आणि १११ चे वर्ग. मग हर्षद संख्या, जिला स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने भाग जातो ती. (तुमच्या त्या टॅक्सीचं १७२९ पण हर्षदच आहे, १+७+२+९ = १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. म्हणजे २२ डिसेंबरच्या लेखातच मास्तरांना एक चौकट सहज देता आली असती.) मग स्वयंभू संख्या. कुठलीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा, २१ वरून २४, २४ वरून ३०, ३० वरून ३३, असं पुढे पुढे जाता येतं, पण २० वर तुम्ही कुठूनच येऊ शकत नाही, ३१ वर नाही, ४२ वर नाही. त्यांना आईबापच नाहीत. म्हणून स्वयंभू.

आता कोणी म्हणेल हा टाईमपास झाला, ह्यात संशोधन कुठे आहे. मास्तरांच्या हयातीत आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना पण तसंच वाटायचं. त्यांचं बरंचसं काम लहानसहान मासिकांत नाहीतर स्वतः काढलेल्या पुस्तिकांत राहून गेलं. १९७५ ला गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि मग नाव सगळीकडे झालं, तोवर मास्तर सत्तरीत होते. आपल्या माणसाची किंमत आपल्याला बाहेरून कळायची ही जुनीच खोड. आणि २०२५ साल लागलं तेव्हा तर व्हॉट्सॲपवर महापूर, २० अधिक २५ म्हणजे ४५ आणि ४५ चा वर्ग २०२५, फॉरवर्ड करा, शुभ वर्ष! अहो ४५ ही कापरेकर संख्या आहे, वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते, ५५ चं पण तसंच आहे (३०२५), २९७ चं पण (८८ अधिक २०९). माझ्याकडे आलेल्या एकाही मेसेजमध्ये मास्तरांचं नाव नव्हतं, भाग्यांक मात्र होता.

मी स्वतः विमा एजंट आहे, गणिताचा प्रोफेसर वगैरे नाही, तरी रोजचा संबंध येतो म्हणून सांगतो की खेळ आणि पोटापाण्याचा हिशोब यात आपण समजतो तेवढं अंतर नाही. अष्टा-चंग-पे हा कवड्यांचा पटावरचा खेळ घ्या. आमच्याकडे चार कवड्या टाकतात, जितक्या उताण्या तितकी घरं, चारही उताण्या पडल्या की चंग म्हणजे ४, आणि चारही पालथ्या तर अष्टा, ८. कवडी निम्म्या वेळा उताणी पडते असं धरलं तर एकूण १६ प्रकारे दान पडू शकतं, त्यातल्या ६ प्रकारांत २ पडतात, चार-चार प्रकारांत १ आणि ३, आणि ४ आणि ८ एकेकाच प्रकारात. सगळं मिळवून सोळाने भागा, सरासरी दान अडीच. म्हणजे अष्टा पडल्यावर आजी का ओरडायच्या ते कळतं. पण खरी कवडी नाण्यासारखी नसते, तिची पाठ फुगीर आणि पोट सपाट, ती निम्मी-निम्मी पडेलच असं नाही, मग करायचं काय, तर पोरांना शंभर वेळा टाकायला लावा, वहीत मांडायला लावा. कवड्या नसतील तर फोडलेले चिंचोके घ्या, त्यांचा हिशोब अजून वेगळा येईल. प्रीमियम ठरवताना शेवटी हेच करतात, किती माणसं कुठल्या वयात जातात ते मोजून ठेवतात. संभाव्यतेचं शास्त्रच मुळी १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा ह्या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रांतून उभं राहिलं आणि प्रश्न होता जुगाराचा, डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे. त्यानंतर ४० वर्षं पण झाली नव्हती, १६९३ ला हॅले यांनी (धूमकेतूवाले तेच) युरोपातल्या ब्रेस्लाव शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन कुठल्या वयाला किती पैसे घ्यावेत त्याचं कोष्टक मांडलं. माझा धंदा तिथून सुरू होतो म्हणा ना.

आणि संशोधनातलं गणित रोजच्या जगण्यात कसं शिरतं ते बघायचं तर खिशातलं आधार कार्ड काढा. पहिलं आधार २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण त्यातला बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशोब करून काढलेला असतो हे फार थोड्यांना माहिती. फॉर्म भरताना आपण दोन चुका सगळ्यात जास्त करतो, एखादा आकडा चुकीचा लिहितो नाहीतर शेजारचे दोन आकडे उलटेपालटे करतो, ५७ चं ७५. ह्या दोन्ही चुका ह्या शेवटच्या आकड्यामुळे लगेच पकडल्या जातात. ही रीत व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये दिली आणि ती चक्क पंचकोनावर उभी आहे. पुठ्ठ्याचा एक सारख्या बाजूंचा आणि सारख्या कोनांचा पंचकोन कापा, तो जागच्या जागी पाच प्रकारे फिरवून बसवता येतो आणि पालथा घालून आणखी पाच प्रकारे, झाले दहा, आणि आपले आकडे पण दहाच, म्हणजे प्रत्येक आकड्याला एकेक प्रकार जोडता येतो. आता आधी फिरवून मग पालथा घाला आणि दुसऱ्यांदा आधी पालथा घालून मग फिरवा, कोपऱ्यांवर नंबर टाकून ठेवले असतील तर दिसेल की दोन्ही वेळेला पंचकोन वेगळा बसतो. क्रम बदलला की उत्तर बदलतं. साध्या बेरजेत असं कधी होत नाही, ५ अधिक ७ आणि ७ अधिक ५ एकच, म्हणून नुसत्या बेरजेला उलटापालट सापडत नाही. पंचकोन फिरवण्याचा अभ्यास ज्यांनी आधी केला त्यांच्या डोक्यात आधार कार्ड कुठून असणार, ते आपले आकार फिरवून बघत होते, कापरेकर मास्तर वजाबाक्या करून बघत होते तसेच.

तर म्हणणं एवढंच आहे. अंकज्योतिष बंद करा असं मी म्हणत नाही, लोकं वाचतात, तुम्हाला पान चालवायचंय, समजू शकतो. पण त्याच अर्ध्या पानातलं चतकोर कोड्याला द्या. सुडोकू नको, ते मोबाईलवर फुकट मिळतं. ज्यात 'असं का होतं' हे शोधायचंय असं काहीतरी द्या, आणि उत्तर त्याच पानावर खाली उलटं छापू नका, पुढच्या आठवड्यात वाचकांनी पाठवलेल्या रीती छापा, चुकलेल्या सुद्धा. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक आणि पोरं पत्रांचा पाऊस पाडतील, लिहून घ्या. पालक विचारतील यातून मार्क किती मिळणार, तर त्यांना सांगा की मार्कांसाठी बाकीचे सहा दिवस आहेतच.

पहिलं कोडं माझ्याकडून घ्या. मास्तरांची तीच वजाबाकी पाच आकडी संख्येवर करायची, प्रत्येकाने वेगवेगळ्या संख्येपासून सुरुवात करायची. सगळे एकाच ठिकाणी येतात का? नाही तर कुठे कुठे अडकतात? उत्तर मला माहिती आहे पण इथे लिहीत नाही, आधी वाचकांची येऊ द्या.

आपला नियमित वाचक,
नाशिकरोड