शुभाला पत्र: पेशंटनी का बोलायचं

प्रिय शुभा,

परवा फोनवर आत्याच्या ब्रेस्ट कॅन्सरबद्दल बोलताना तू म्हणालीस, ट्रीटमेंट डॉक्टर ठरवतात, पेशंटनी त्यात काय बोलायचं. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

अगं, अमेरिकेत 1970च्या आसपास काय चालायचं माहितीये? स्तनातली गाठ तपासायची म्हणून बाईला भूल द्यायची, कॅन्सर निघाला की त्याच भुलीत अख्खा स्तन, बरेचदा छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीसुद्धा काढून मोकळे. सही आधीच घेतलेली असायची! शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावून बघायचं, आहे की गेला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

1974 मध्ये रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला गाठ सापडली आणि ती अडूनच बसली, आधी नुसती बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करा, रिपोर्ट मला दाखवा, पुढचं मग बघू. एवढं ऐकणारा सर्जन मिळायला तिला किती दारं ठोठवावी लागली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांची बायको बेटी फोर्ड, तिने आपलं ऑपरेशन लपवलं नाही आणि कितीतरी बायका तपासणीला गेल्या, तोवर ब्रेस्ट कॅन्सर हा शब्दसुद्धा चारचौघांत कोणी काढत नव्हतं. मग 1979 मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांच्या पॅनेलवर रोझ बसली, डॉक्टर नसलेली, आणि बायोप्सी वेगळी, ऑपरेशन वेगळं अशी शिफारस तिथून निघाली. अभ्यास डॉक्टरांनीही केला हं, बर्नार्ड फिशर या सर्जनच्या ट्रायलने 1985 मध्ये दाखवलं की लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बायका अख्खा स्तन काढल्यावर जगतात तेवढ्याच जगतात. पण मला विचारून करा हे म्हणायला पेशंटच लागली ना.

पुढे 1991 मध्ये नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअॅलिशन ही ब्रेस्ट कॅन्सरसाठी लढणाऱ्या संघटनांची आघाडी उभी राहिली, एड्सच्या पेशंटनी सरकारला कसं हलवलं ते या बायकांनी बघितलेलं होतं. पहिल्याच वर्षी 6 लाखांच्या आसपास पत्रं वॉशिंग्टनला पोचवली, मग संशोधनासाठी 21 कोटी डॉलर मंजूर झाले आणि तेही संरक्षण खात्याच्या बजेटमधून! मला सगळ्यात भारी काय वाटतं, तर तो पैसा कुठल्या प्रोजेक्टला द्यायचा हे ठरवताना या आजारातून गेलेल्या बायका शास्त्रज्ञांच्या शेजारी बसतात, आणि त्यांच्या मताची किंमत शास्त्रज्ञांच्या मताएवढीच. ब्रेस्ट कॅन्सरची खूण म्हणून लावतात त्या गुलाबी रिबिनीपेक्षा मला ही खुर्ची मोठी वाटते. रिबिनीचं म्हणशील तर शार्लट हेली नावाची बाई आधी पीच रंगाच्या रिबिनी घरी बनवून वाटायची, कॅन्सर होऊच नये यावर सरकारने जास्त खर्च करावा म्हणून, कंपन्यांबरोबर जायला तिने नकार दिला तर त्यांनी रंग बदलून गुलाबी केला.

तर आता आत्याबरोबर जाशील तेव्हा गप्प बसू नकोस. ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींच्या या तपासण्यांवरून कुठलं औषध चालेल ते कळतं) चे रिपोर्ट आले का विचार, फक्त गाठ काढून भागेल का विचार, नसेल तर का नाही तेही विचार, आणि आत्याला काय हवंय ते तिलाच बोलू दे. रिपोर्टची कॉपी घरी आण, मग रात्री कितीही वाजता फोन कर, दोघी मिळून वाचू.

तुझीच,
मेधा