महामंदी लांबली ती धोरणांमुळे

संपादक महोदय,

१९२९ च्या महामंदीचे खापर अजूनही शेअर बाजारावरच फोडले जाते. पण बाजार कोसळणे हा आरंभ होता, दशकभराच्या दैन्याचे कारण नव्हे. बँका धडाधड बुडत असतानाही सुवर्ण परिमाण (चलनाचे मूल्य ठरावीक सोन्याशी बांधण्याची पद्धत) टिकवण्यासाठी अमेरिकी मध्यवर्ती बँक व्यवस्थेतील न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर १९३१ मध्ये व्याजदर १.५ वरून ३.५ टक्क्यांवर नेला, आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील चलनपुरवठा सुमारे एक तृतीयांशाने आटला. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्येच सोन्याशी नाते तोडले व तो लवकर सावरू लागला. फ्रान्स मात्र १९३६ पर्यंत अडून बसला. सावरू लागलेल्या अमेरिकेने १९३७ मध्ये सरकारी खर्चाला कात्री लावून आणि बँकांनी कर्जाऊ न देता बाजूला ठेवायच्या राखीव निधीचे प्रमाण वाढवून पुन्हा घसरण ओढवून घेतली, हे तर (माझ्या मते) सर्वांत अक्षम्य.

– एक वाचक, पुणे